बाटलीतली ताकद

बेळगाव-निपाणी पट्ट्यात अशक्तपणावरचा इलाज डॉक्टरांच्या आधी रुग्णच सांगतो: 'एक सलाईन लावा.' उन्हात ऊस तोडणारा गडी असो की तंबाखूच्या वखारीत राबणारी बाई, अंगात ताकद बाटलीतूनच येते असा विश्वास आहे. हिशेब मात्र वेगळे सांगतो. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरात 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे जेमतेम 85 कॅलरी. एका भाकरीत याहून जास्त असतात. 'ताकदीची' म्हणून लावली जाणारी अमिनो आम्लांची 200 मिलिलिटरची बाटली दहा टक्क्यांची असली, तर तिच्यात 20 ग्रॅम अमिनो आम्ले असतात. जवळपास तेवढी तीन अंड्यांत मिळतात, कारण डाळ किंवा अंडे पचले की आतडे त्यांतून हीच आम्ले वेगळी करून रक्तात सोडते. आतडे चालू असताना शिरेत सुई घालून वेगळे काही पदरात पडत नाही.

आतडे बंद असेल तर गोष्ट निराळी. मोठ्या शस्त्रक्रियेत आतडे कापून काढलेल्या रुग्णाला ही आम्ले शिरेतून देऊनच जगवता येते, आणि रक्तदाब कोसळलेल्या हगवणीच्या रुग्णाला सलाईन हाच आधार. पण तिथेही जास्त म्हणजे चांगले असे नाही. अतिदक्षता विभागातल्या 1,223 रुग्णांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष 2013 साली आले. ग्लुटामिन हे अमिनो आम्ल शिरेतून आणि नळीवाटे भरपूर दिलेल्या गटात मृत्यू कमी होण्याऐवजी वाढले होते. उलट 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजले आणि कॉलऱ्याचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आणले.

'पण सलाईननंतर बरे वाटते, ते काय खोटे?' खोटे नाही. उन्हाने आटलेल्या शरीरात पाणी जाते, एरवी न मिळणारी दोन तासांची विश्रांती मिळते, आणि कधी बाटलीत टोचलेले वेदनाशामक किंवा स्टिरॉइडही काम करते. मजुरी बुडू नये म्हणून लवकर उभे राहण्याची गरजही खरीच आहे. मात्र बाटली निर्धोक नसते. नोव्हेंबर 2024 मध्ये बळ्ळारीच्या सरकारी रुग्णालयात बाळंतिणी दगावल्या, संशय रिंगर लॅक्टेट या सलाईनवर गेला आणि राज्य सरकारला ते बनवणाऱ्या कंपनीच्या बाटल्यांचा वापर थांबवावा लागला. शिरेत गेलेला दोष पोट गाळून घेऊ शकत नाही.

शिरेतून औषध द्यावे कसे, याचा चांगला नमुना बेळगावातच आहे. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचा पुढाकार असलेल्या 'रॅपिडआयर्न' प्रयोगात कर्नाटक आणि राजस्थानातल्या 4,320 गर्भवतींचा सहभाग होता. लोह शिरेतून एकदाच द्यावे की गोळ्यांनी, याची तुलना त्यात झाली. पण सुई लागण्याआधी प्रत्येकीचे हिमोग्लोबिन मोजलेले होते. वखारीतल्या बाईला थकवा येतो तो रक्त कमी म्हणून, की साखर वाढली म्हणून, की क्षयामुळे, हे तपासल्यावरच कळते. 'ताकदीची' बाटली लागली की दोन दिवस तिला हुशारी वाटते आणि नेमकी ही तपासणीच राहून जाते.