नेमाडेंच्या 'हिंदू'मधली अडगळ नेमकी कशाची?

शिरूर अनंतपाळकडच्या जुन्या माळवदाच्या घरात एखादी अंधारी खोली असतेच. रिकामं बळद, मोडकी तिफण, जातं, मडक्यांची उतरंड. ज्वारी कमी होऊन सोयाबीन आलं, पेरणी ट्रॅक्टरवर गेली आणि या वस्तूंची अडगळ झाली. टाकून द्यायचं म्हटलं की घरातलं म्हातारं माणूस हात धरतं.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' या कादंबरीत शिरायचं तर याच खोलीतून शिरावं. 2010 साली आलेली ही जवळपास 600 पानांची कादंबरी अनेकांनी हौसेनं घेतली आणि मध्येच मिटून ठेवली. कारण एकच, गोष्ट पुढे सरकतच नाही!

तशी गोष्ट एवढीशीच आहे. मोरगावच्या शेतकऱ्याचा मुलगा खंडेराव पुरातत्त्व शिकलाय. तो मोहेंजोदडोच्या उत्खननावर असताना वडील अखेरच्या घटका मोजतायत असं कळतं आणि तो गावाकडे निघतो. बाकीची पानं आठवणींची. भाऊबंद, आत्या, गडीमाणसं, लमाण, महानुभाव, सगळे एकमेकांत मिसळून येतात.

पण खंडेरावचा पेशा लक्षात ठेवला की हा गुंता सुटायला लागतो. उत्खनन करणारा माणूस जमीन थराथरानं वाचतो. वर अलीकडचं, खाली जुनं. मोहेंजोदडोतही जुन्या घरांवरच नवी घरं उठत गेली होती. मोरगाव हे असंच पांढरीचं टेकाड आहे, फरक इतकाच की त्यावर माणसं अजून राहतात. शीर्षकातला 'हिंदू' शब्दही सिंधू नदीवरून आलेला. तो फक्त धर्माचा शिक्का म्हणून वाचला तर निम्मी कादंबरी हातातून निसटते.

आणि 'समृद्ध'? हा शब्द सरळ घेऊ नये. या अडगळीत गाणी आहेत, नाती आहेत, तशीच जातही आहे. बायकांच्या वाट्याला आलेलं जगणं वाचताना तर ही समृद्धी कुणाच्या जिवावर, असा प्रश्न पडतोच. नेमाडे या पसाऱ्यावर प्रेम करतात हे खरं, पण त्यातली घाण झाकत नाहीत.

राहिला खंडेरावचा पेच. बाप गेल्यावर शेत कुणी करायचं? लातूरहून पुण्याला नोकरीसाठी गेलेल्या आणि गावाकडे सातबाऱ्यावर नाव असलेल्या पोराला हा पेच समजावून सांगावा लागत नाही. त्यानं तर ही कादंबरी शेवटच्या पानापर्यंत नेऊन बघावीच.