औषधाने व्रत मोडत नाही

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस घरोघरी पार्थिव गणेशाची स्थापना होते आणि एकवीस प्रकारची पत्री देवाच्या चरणी वाहिली जाते. पाली म्हटले की भाविकांच्या मनश्चक्षूंपुढे अष्टविनायकांतील बल्लाळेश्वर उभा राहतो. परंतु आज आम्ही जिचे स्मरण करीत आहोत ती पाली राजगडाच्या पायथ्याची, वेल्ह्याच्या मावळातील होय. शिवछत्रपतींच्या या राजधानीचा राजमार्ग याच गावाकडून चढत असे, आणि गडाचा पाली दरवाजा आजही गावाचे नाव मिरवितो. डोंगरांच्या कुशीतील अशा गावी दूर्वा, आघाडा, माका, रुई यांसाठी बाजार धुंडाळावा लागत नाही. ती बांधावरच सापडतात. पत्री अशी हाताशी असते. मोठे रुग्णालय मात्र दूर पुण्यास असते.

हे अंतर किती मोलाचे आहे ते पक्षाघाताच्या वेळी कळते. मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद झाल्यास ती विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. भर पावसात, मध्यरात्री, घाटवळणाच्या रस्त्याने हा अवधी पाहता पाहता सरतो. म्हणून अशा गावांतील कुटुंबांनी रक्तवाहिन्या बिघडण्यापूर्वीच त्यांची राखण करणे अधिक श्रेयस्कर.

रक्तवाहिनी म्हणजे केवळ नळी नव्हे. तिच्या आतील बाजूस पेशींचे एक अत्यंत नाजूक अस्तर असते. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू निर्माण करून वाहिनीस सैल ठेवते आणि रक्ताची गुठळी होऊ देत नाही. वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखूचा धूर यांनी अस्तरास इजा पोहोचते; तेथे कोलेस्टेरॉल शिरून थर साचतो आणि वाहिनी अरुंद व कठीण होते. पुढे एखाद्या दिवशी तो थर फुटला की गुठळी धरते, आणि हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात घडतो. हे सारे वर्षानुवर्षे निमूटपणे चालते, यातच त्याची भयानकता आहे.

या रोगावरील औषधांचे मूळ कित्येकदा निसर्गातच सापडते, आणि त्याचा एक उज्ज्वल अध्याय आपल्या मुंबईत लिहिला गेला. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांस शतकानुशतके ठाऊक होती. मुंबईचे विख्यात हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना मोजून दिली, दाबाच्या नोंदी काटेकोर ठेवल्या आणि १९४९ साली आपले निष्कर्ष ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्या मुळातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे केले, आणि १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेतील लास्कर पुरस्काराचा सन्मान लाभला. परंतु त्याच काटेकोर निरीक्षणातून रिसर्पिनचे दोषही उघड झाले. काही रुग्णांस त्याने औदासीन्य येई. म्हणून अधिक सुरक्षित औषधे हाती येताच त्याचा वापर मागे पडला. गुण आणि दोष दोन्ही मोजले जातात, तेव्हाच वनस्पतीचे औषध होते.

गजाननाच्या उदराभोवती नाग वेढलेला असतो. ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषाचा अभ्यास करता करता रक्तदाब उतरविणाऱ्या औषधांचे एक कुळच हाती आले. त्यांतील कॅप्टोप्रिलला अमेरिकेत १९८१ साली मान्यता मिळाली. जपानमधील अकिरा एन्डो यांना १९७३ साली एका बुरशीत कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारे द्रव्य सापडले आणि त्यातून स्टॅटिन औषधांचा उगम झाला. स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीचा अहवाल १९९४ साली प्रसिद्ध झाला. सिम्व्हास्टॅटिन हे स्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसून आले.

आता आपल्या पत्रीकडे वळू. तिच्यात अर्जुनसादड्याचे पान असते. ओढ्याकाठी वाढणाऱ्या या वृक्षाची साल हृद्रोगावर आयुर्वेदात फार पूर्वीपासून सांगितली आहे. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तवाहिन्यांचे बिघडलेले अस्तर तिने सुधारते काय, याची परीक्षा इंदूरच्या वैद्यकांनी केली आणि निष्कर्ष आशादायक आले. तथापि ती चाचणी मोजक्या व्यक्तींवरील व थोड्या आठवड्यांची होती. झटका वा मृत्यू टळतो असे तिने सिद्ध झालेले नाही. म्हणून अर्जुनाची साल घ्यावयाची तर वैद्यांच्या सल्ल्याने घ्यावी, चालू औषधांची माहिती त्यांस द्यावी. पण तिच्या भरवशावर डॉक्टरांच्या गोळ्या कदापि बंद करू नयेत. त्याच पत्रीतील कण्हेर आणि धोतरा तर विषारी आहेत. त्यांचे स्थान देवाच्या चरणी, काढ्यात नव्हे.

आणि आता मुख्य मुद्दा. हरितालिकेस, चतुर्थीस वा ऋषिपंचमीस पुष्कळ श्रद्धाळू माउल्या उपवासाबरोबर रक्तदाबाची गोळीही टाळतात. गोळी घेतली तर व्रत मोडेल, ही त्यांची भीती. त्यांस आम्ही नम्रतेने सांगू इच्छितो की, व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी महाभारताच्या उद्योगपर्वात सांगितल्या आहेत. जल, मूळ, फळ आणि दूध यांच्या पंक्तीस तेथे औषधही बसविले आहे. शास्त्रानेच जी मोकळीक दिली, ती आपण का नाकारावी? मधुमेहाच्या रुग्णांनी मात्र उपवासापूर्वीच डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवून घ्यावी, कारण उपाशीपोटी साखर एकाएकी उतरू शकते. हृदयाच्या वाहिनीत स्टेंट बसविलेल्यांनी गुठळी रोखणाऱ्या गोळ्या मनाने एक दिवसही थांबवू नयेत.

फराळाचेही तसेच. तळलेले साबुदाणावडे आणि खारवलेले वेफर्स यांनी उपवास साधेल, पण रक्तवाहिन्यांस विसावा मिळणार नाही. दिवसाला सारे मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चमचाभर, मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उकडीचा मोदक बेताने घ्यावा. फळे, ताक, राजगिरा यांवर उपवास सात्त्विकही होतो आणि हितकरही.

गौरी-गणपतीस पुण्या-मुंबईचे लेक आणि सुना गावी परततात. आरती झाल्यावर त्यांनी घडीभर आजी-आजोबांजवळ बसावे, रक्तदाब शेवटचा कधी मोजला ते विचारावे, गोळ्यांची डबी उघडून पाहावी; रिकामी असल्यास भरून द्यावी. नित्यपूजेप्रमाणे नित्य औषध हाही एक नेमच आहे. विघ्नहर्त्याने आपणांस दिलेला हा देह त्याच्या सेवेसाठी धडधाकट राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.