उद्योगसेवेची सुवर्णपदके : धातू आणि पुरावा

नाण्यांच्या संग्रहाला आपल्याकडे शास्त्राचे स्वरूप आले आहे. पदकांच्या संग्रहाला ते अद्याप यावयाचे आहे. नाणी एका छापाची हजारोंनी पाडली जातात. गौरवपदक मात्र बहुधा एका व्यक्तीसाठी एकदाच घडते. ते मुशीत गेले की त्याची जागा भरून निघत नाही.

चित्रपट-उद्योगाचे उदाहरण घेऊ. १९५४ साली दिल्या गेलेल्या पहिल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले. १९५७ सालच्या चित्रपटांतून व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ने तोच मान मिळविला. हा एका कृतीचा गौरव होय. उलट, १९६९ या वर्षापासून दादासाहेब फाळके यांच्या नावाने दिला जाणारा पुरस्कार चित्रपटसृष्टीच्या आयुष्यभर केलेल्या सेवेबद्दल असतो. आज त्यात सुवर्णकमळ पदक, शाल व रोख रक्कम यांचा समावेश होतो. १९८५ सालचा हा पुरस्कार शांताराम यांनाच मिळाला. एकाच व्यक्तीच्या वाट्यास आलेल्या या दोन गौरवांतील भेद धातू सांगत नाही. तो मानपत्र, निवडीचे पत्र, समारंभाचे छायाचित्र आणि हस्तांतराची नोंद यांवरून कळतो. म्हणून कागदांवाचून मिळालेले पदक हे अर्धेच पदक समजावे.

धातूची परीक्षा अर्थातच आवश्यक आहे. परंतु ती कसोटीच्या दगडावर घासून करू नये. पदक प्रथम हवेत व नंतर पाण्यात बुडवून तोलावे. शुद्ध सोन्याचे विशिष्ट गुरुत्व १९.३, तर चांदीचे १०.५ असल्याने सोन्याचा मुलामा दिलेली चांदी या रीतीने ओरखडा न उमटवता ओळखता येते.

खरी अडचण कायद्याच्या मर्यादेची आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाप्रमाणे अशी वस्तू पुरावस्तू ठरण्यास सामान्यतः शंभर वर्षे लोटावी लागतात. ‘श्यामची आई’च्या पदकास ती २०५४ साली पूर्ण होतील. नवी मुंबईच्या परिसरातील ठाणे-बेलापूर पट्ट्याची कारखानदारी तर त्याहूनही अलीकडची, १९६० नंतर वाढलेली. तेथील कोणास उद्योगसेवेचे पदक लाभले असेल, तर तेही याच वयाचे. तोवर सोन्याचा वाढता भाव आणि वारसांची गरज यांच्यामध्ये केवळ संग्राहकच उभा असतो. त्याने पदक विकत घेण्यापूर्वी निदान त्याचे वजन, लेख, छायाचित्र आणि घराण्याची हकिकत टिपून ठेवावी. पदक हाती न आले, तरी इतिहास हातचा जाणार नाही.