‘मॅडम’ म्हणतात, पण मान्यता कुठे आहे?

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. चकलीचं पीठ मळता मळता माझी धाकटी जाऊ एकदम म्हणाली, “ताई, नऊ वर्षं झाली मला कॉलेजात शिकवायला. परवा कायम जागेची जाहिरात आली, तर ऑफिसातल्या माणसानं अर्ज बघून तसाच परत दिला. म्हणाला, मॅडम, तुम्ही सेट झालेल्या नाही.”

सासूबाई कढईपाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, मग इतकी वर्षं तू तिथं काय करत होतीस?”

त्यांनी हे टोचून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. आणि प्रश्न अगदी बरोबर होता! नऊ वर्षं ती वर्गावर जात होती, पेपर तपासत होती, रस्त्यात मुलं “मॅडम” म्हणून वाकत होती. पण ती शिकवत होती ‘तासिका तत्त्वा’वर. म्हणजे जितके तास घेतले तितक्यांचे पैसे. सुट्टी लागली की मानधन बंद, आणि जूनमध्ये पुन्हा नव्यानं नेमणूक. घरातही आम्ही “ती तासाला जाते” असंच म्हणायचो, “नोकरीला जाते” असं कुणीच म्हणत नसे.

मैत्रिणींनो, आपल्या गावोगावच्या कॉलेजांत अशा कितीतरी जणी आहेत. लग्नाआधी एम.ए. झालेल्या, मुलं शाळेत जायला लागल्यावर “घरात बसण्यापेक्षा बरं” म्हणून तास घेणाऱ्या. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या वाटेवर जाऊ बघणाऱ्यांसाठी, ही सगळी माहिती मी जावेबरोबर बसून गोळा केली.

पात्रता म्हणजे नेमकं काय?

बालवाडीच्या बाईंना प्रशिक्षण लागतं, शाळेतल्या बाईंना बी.एड. लागतं. अकरावी-बारावीला शिकवायचं तर पदव्युत्तर पदवी आणि वर बी.एड. वरिष्ठ महाविद्यालयाचं गणित मात्र वेगळं आहे. तिथं बी.एड.ची अट नाही. पण विषयात एम.ए., एम.कॉम. किंवा एम.एस्सी. किमान ५५ टक्क्यांनी हवं, आणि त्यावर नेट किंवा सेट. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमिलेअर गटातील इतर मागासवर्गीय आणि दिव्यांग उमेदवारांना ५० टक्के चालतात. ५४.९ म्हणजे ५५ धरत नाहीत बरं का! म्हणून आधी ट्रंकेतली गुणपत्रिका काढून नीट बघा.

नेट ही विद्यापीठ अनुदान आयोगाची अखिल भारतीय परीक्षा. १९८९ पासून ती होते आहे. सेट ही राज्याची. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. नेट झालेल्याला देशभर अर्ज करता येतो, सेट झालेल्याला आपल्या राज्यापुरता. ज्यांचं घर, मुलांची शाळा, सासूसासरे सगळं इथंच आहे, त्यांना सेट पुरेशी आहे.

मध्यंतरी पीएच.डी. सक्तीची होणार असं म्हणत होते, त्यामुळे पुष्कळजणी हबकल्या होत्या. पण जुलै २०२३ पासून आयोगानं स्पष्ट केलं, की सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी नेट किंवा सेट ही किमान अट, पीएच.डी. ऐच्छिक.

वय आड येत नाही

सगळ्यात आनंदाची गोष्ट ही! सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठी या दोन्ही परीक्षांना वरची वयोमर्यादा नाही. पस्तिशी गाठली, चाळिशी आली म्हणून कुणी अडवत नाही. एकदा मिळालेलं प्रमाणपत्र जन्मभर चालतं.

परीक्षेला दोन पेपर असतात. पहिला ५० प्रश्नांचा, १०० गुणांचा. दुसरा आपल्या विषयाचा, १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. पहिल्या पेपरात अध्यापन, संशोधन, तर्क, आकडेमोड, पर्यावरण, संगणक असे दहा घटक असतात. जाऊ इथंच दोनदा अडखळली. इतिहास तिला तोंडपाठ, पण तक्त्यावरची टक्केवारी काढताना घाम फुटायचा. मग आमच्या नववीतल्या चिरंजीवांनी काकूला टक्केवारी शिकवली. तो काय ऐटीत होता म्हणून सांगू!

तिनं वेळ कसा काढला? पहाटे साडेचार ते सहा. संध्याकाळचा स्वयंपाक मी उचलला. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवणं हाच तिचा खरा अभ्यास. तिसऱ्या वेळी ती पास झाली. परीक्षेला बसलेल्यांतले जेमतेम सहा टक्के पात्र ठरतात, हे लक्षात घेतलं तर दोनदा नापास होणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

कागद जपा

ही गोष्ट आम्ही ठेच लागल्यावर शिकलो. नऊ वर्षांच्या कामाचा पुरावा मागितला तेव्हा जावेकडे दोनच नेमणूकपत्रं निघाली. बाकीच्या वर्षी तिनं मागितलीच नव्हती. “दर वर्षी काय मागायचं, बरं दिसत नाही,” म्हणून. तर बायांनो, हे जरूर करा :

दर वर्षीचं नेमणूकपत्र, विद्यापीठाच्या मान्यतेचं पत्र, मानधनाची पावती किंवा बँकेची नोंद, आणि वर्षअखेरीस अनुभवाचा दाखला, हे सगळं एका फायलीत लावून ठेवा. मान्यतेचं पत्र आलं नसेल तर लेखी अर्ज देऊन विचारा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तासिकेचा अनुभव प्रत्येक ठिकाणी धरतातच असं नाही, पण कागदच नसेल तर मुळीच धरत नाहीत.

दुसरं म्हणजे नाव. पदवी माहेरच्या नावावर, आधार सासरच्या नावावर, अशी आपली सगळ्यांचीच कथा. विवाह नोंदणीचा दाखला आणि नाव बदलल्याचं राजपत्र आधीच काढून ठेवा. जातीचा दाखला मात्र जन्मानं, म्हणजे माहेरचाच लागतो, आणि नॉन-क्रिमिलेअरसाठीही नवऱ्याचं नाही, आईवडिलांचं उत्पन्न आणि हुद्दा बघतात. हे पुष्कळजणींना माहीतच नसतं.

एवढं करून नोकरी मिळते?

खोटं कशाला सांगू? सेट झाली म्हणजे जागा मिळालीच असं नाही. जागा थोड्या, उमेदवार फार. जाऊ अजूनही तासिकेवरच आहे. पण आता ती पात्र म्हणून तिथं आहे. मुलाखतीचं पत्र तिला येतं, अर्ज कुणी परत करत नाही.

पात्रतेचा हा कागद किती मोलाचा असतो ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. १९९१ ते २००० या काळात नेट-सेट नसताना नेमलेल्या प्राध्यापकांच्या सेवेचा प्रश्न इतकी वर्षं लोंबकळत राहिला, की २०१३ मध्ये त्यासाठी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकायची वेळ आली. जे काम आपण जीव ओतून करतो, त्याची नोंदही आपणच वेळेवर करून घ्यावी, हे बरं.

आता थोडं माझ्याविषयी. मी साधी बी.ए. सकाळी दोन तास शाळेत शिकवते. जावेची पुस्तकं आवरून ठेवताना वाटलं, ती माळ्यावर कशाला टाकायची? नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरी बसून शिकू बघणाऱ्यांसाठीच आहे. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, असं आयोगानं सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं आहे. एम.ए.चा अर्ज मी भरला आहे.

घरात सांगितलं तेव्हा सासूबाई क्षणभर गप्प राहिल्या. मग जावेकडे वळून म्हणाल्या, “आता संध्याकाळचा स्वयंपाक तू उचल गं.”