न गोठणारा नळ

मागील अंकात लेहच्या मुलींच्या वसतिगृहाच्या अंगणात नळ बसविण्यासाठी मदतीचे आवाहन केले होते. आपण सढळ हाताने दिलेत, त्याबद्दल प्रभूची स्तुती असो. देणग्यांबरोबर काही पत्रेही आली. एका नळासाठी पाच फूट खोल खड्डा कशाला आणि तोटी दिल्लीहून मागवायची काय गरज, असे त्यांत विचारले होते. प्रश्न रास्त आहे. काम माझ्या देखरेखीखाली झाले, म्हणून संपादकांनी उत्तर माझ्याकडे सोपविले आहे.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरतो. आपल्या वसतिगृहातील बहुतेक मुली चांगथांगच्या पठारावरील चांगपा कुटुंबांतून आलेल्या. आईवडील मेंढ्या आणि पश्मिन्याच्या बकऱ्या घेऊन फिरतीवर असतात. ऐन थंडीत शाळेला सुट्टी असते हे खरे, पण नोव्हेंबरात आणि मार्चमध्येही नळ गोठतातच, आणि दहावीच्या मुली तर अभ्यासासाठी हिवाळाभर राहतात. आजवर त्या खालच्या झऱ्यावरून कॅन भरून आणीत. वाटेवर सांडलेल्या पाण्याचा बर्फ होई आणि त्याच वाटेने भरलेला कॅन घेऊन चढायचे. मागच्या हिवाळ्यात एका मुलीचे मनगट मोडले, ते याच वाटेवर.

साधा नळ तिथे का टिकत नाही? पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, हे आपण शाळेत शिकलो. पण पाइप फुटतो तो बर्फ बाजूने रेटतो म्हणूनच असे नाही. आधी पाइपात मध्येच बर्फाचे बूच तयार होते. ते वाढत जाते, आणि बूच व बंद तोटी यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब चढतो. पाणी दबत नाही, म्हणून पाइप फाटतो. गोणपाट गुंडाळल्याने गोठणे काही तास लांबते, टळत नाही. रात्रभर धार सोडून ठेवली तर नळ वाचतो, पण सकाळी अंगण काचेसारखे होते, आणि पाणी वाया जाते ते निराळेच.

नव्या तोटीची युक्ती अशी की तिच्यात पाणी राहतच नाही. पाणी अडविणारी झडप वर तोंडाशी नसून पाच फूट खाली, जिथे जमीन गोठत नाही तिथे असते. वरच्या दांड्याला जोडलेली एक लांब सळई उभ्या पाइपातून खाली झडपेपर्यंत जाते. दांडा उचलला की झडप उघडते व पाणी वर येते. दांडा खाली दाबला की झडप बंद होते आणि त्याच वेळी तिच्या शेजारचे एक बारीक भोक मोकळे होते. पाइपात उभे असलेले पाणी त्या भोकातून जमिनीत निथळून जाते. मागे उरते ती हवा, आणि हवेने पाइप फुटत नाही.

खोली ठरविताना पुस्तकापेक्षा तिथल्या जुन्या गवंड्यांवर मी अधिक विसंबलो. लेहला बर्फ फारसे पडत नाही. बर्फाची गादी जमिनीची ऊब राखते. उघडे, पायदळी तुडविलेले अंगण जास्त खोल गोठते. शिवाय हवेतली थंडी ओसरू लागली तरी जमिनीतला गारठा फेब्रुवारी-मार्चपर्यंत खाली उतरतच असतो. टाकीही वरच्या उतारावर जमिनीत पुरलेली आहे आणि तिच्यापासून आलेला एचडीपीई पाइप सबंध वाटेने त्याच खोलीवर ठेवला आहे. एक हात जरी वर राहिला असता, तरी बाकीचे खोदकाम फुकट गेले असते.

खरे महत्त्व आहे ते भोकाखालच्या खडीला. आमचा उभा पाइप एक इंची, वरखाली मिळून साडेसात फुटांचा. त्यात साधारण एक लिटर पाणी मावते आणि दर वेळी नळ बंद केला की तेवढे खाली जाते. सकाळी साठ वेळा नळ उघडला तर साठ लिटर झाले! म्हणून झडपेभोवती दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल अशी धुतलेली खडी भरली. तिच्या पोकळीत नव्वदेक लिटर पाणी मावते आणि खालच्या वाळूत हळूहळू मुरते. खडीवर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या अंथरल्या, म्हणजे वरची माती खाली उतरून भोक बुजवीत नाही. माती लोटण्यापूर्वी, उघड्या खड्ड्यातच, पाणी सोडून सगळे सांधे तपासले.

जागेवरून मात्र वाद झाला. स्वयंपाक करणाऱ्या आमा-लेंना नळ स्वयंपाकघराच्या दाराशी हवा होता. तिथून खरकट्या पाण्याचा शोषखड्डा पंधरा फुटांवर. मी नाही म्हटले. ते बारीक भोक पाणी बाहेर सोडते तसेच, भोवती घाण पाणी साचले आणि टाकीकडचा दाब गेला, तर आतही ओढू शकते. मुलींच्या पिण्याच्या पाण्यात ही जोखीम नको. नळ चढाच्या बाजूला गेला आणि आमा-लेंना वीस पावले जास्त पडली. त्या अजून माझ्याशी जरा तुटकच बोलतात, पण ‘जुले’ म्हणतात.

ओट्याला बाहेरच्या बाजूने उतार दिला आहे. गोठलेली जमीन फुगून ओटा उचलते. तो पाइपालाही ओढून नेऊ नये म्हणून पाइपाभोवती मोठ्या पाइपाचा तुकडा घालून मोकळी जागा ठेवली आहे.

वापरण्याची रीत मुलींनी दोन दिवसांत उचलली. दांडा पूर्ण वर किंवा पूर्ण खाली; अर्धवट ठेवला तर पाणी वरही येते आणि भोकातून खालीही जात राहते. रबरी नळी लावली तर काम होताच काढायची, नाहीतर हवा आत शिरत नाही आणि पाइप रिकामा होत नाही. पेल्यापेल्याला नळ उघडायचा नाही, मोठे भांडे एकदाच भरायचे. नळ बंद केल्यावर तोंडावर तळहात धरला की तो आत ओढला जातो; तसे झाले म्हणजे पाणी निथळते आहे. ही परीक्षा त्यांना फार आवडली. रोज रात्री एक जण पाहून येते.

आपल्याकडच्या वाचकांना हे परके वाटू नये. जालना आणि सोलापूर येथील मिशनच्या कामातून निघालेल्या हातपंपांच्या धर्तीवर पुढे युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क-२ पंप तयार झाला, तो आज गावोगावी दिसतो. त्यातही पाणी उचलणारा भाग खोल जमिनीतच असतो.

झडपेचे रबर झिजते. त्याचे दोन जोड वसतिगृहाच्या कपाटात ठेवले आहेत. ते बदलायला खोदावे लागत नाही, वरचा भाग उघडून सळईसकट बाहेर काढता येते. दुसरा नळ दवाखान्याच्या अंगणात बसवायचा आहे. जमीन मोकळी झाली की मे महिन्यात खोदाई सुरू करू.