‘द जंगल बुक’मधला वाघ खरा का वाटतो? रेंडरिंग समजून घेऊया

मागच्या सुट्टीत मावसभावासोबत माझ्या फोनवर ‘द जंगल बुक’ (२०१६) बघत होतो. शेर खान समोर आला आणि त्याने विचारलं, "दादा, हा वाघ कुठल्या झूमधला?" मी म्हटलं, "कुठल्याच नाही. जंगलसुद्धा खरं नाही." पठ्ठ्याचा विश्वासच बसेना!

गोष्ट तशी आपल्याच भागातली. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगचं पुस्तक आलं १८९४ मध्ये, आणि मोगलीचं सिवनी आज मध्य प्रदेशात आहे. पण दिग्दर्शक जॉन फॅवरो यांनी सिनेमा शूट केला लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत. मोगली झालेला नील सेठी निळ्या पडद्यांसमोर जवळपास एकटाच होता. त्याला नीट रिअ‍ॅक्ट करता यावं म्हणून प्राण्यांच्या जागी पपेट चालवणारे कलाकार उभे राहायचे.

मग वाघ आला कुठून?

आधी कॉम्प्युटरवर हाडांचा सांगाडा बनतो. त्यावर स्नायू, मग कातडी, मग केस. अ‍ॅनिमेटर सांगाडा हलवतो. स्नायू कसे ताणले जातील, कातडी कशी सरकेल, हे सॉफ्टवेअर फिजिक्सच्या नियमांनी मोजतं. म्हणूनच वाघ चालताना त्याचं वजन जाणवतं.

शेवटची पायरी म्हणजे रेंडरिंग. प्रकाश कुठून आला, केसांवर आदळून किती विखुरला, सावली कुठे पडली, या सगळ्याचा हिशोब करून एक चित्र तयार होतं. त्यालाच फ्रेम म्हणतात. सेकंदाला २४ फ्रेम आणि सिनेमा १०६ मिनिटांचा. गुणाकार करा: दीड लाखाहून जास्त फ्रेम!

तुम्ही म्हणाल, माझ्या फोनवरचा गेमही रेंडरिंगच करतो की! बरोबर. पण ६० एफपीएसवर गेमला एका फ्रेमसाठी जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात, म्हणून तो बरेच शॉर्टकट मारतो. सिनेमाला तशी घाई नसते. एका अवघड फ्रेमला कित्येक तास लागले तरी चालतं, कारण हजारो प्रोसेसर एकाच वेळी वेगवेगळ्या फ्रेमवर काम करत असतात. याला रेंडर फार्म म्हणतात.

पण एक गोष्ट प्रोसेसर करत नाही. वाघाने झडप घालण्याआधी कान किती मागे न्यायचे, हे माणूस ठरवतो. या सिनेमातले बहुतेक प्राणी एमपीसी कंपनीने बनवले आणि त्यात तिच्या बंगळुरूच्या टीमचाही हात होता. २०१७ मध्ये सिनेमाला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये एमपीसीची मूळ कंपनी टेक्निकलर कोसळली, बंगळुरूचं कामही बंद पडलं. काम उत्तम असूनही तिथल्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे ही बातमी मला जरा जास्तच लागली.

सिनेमा संपला तसं अ‍ॅपने ‘पुढचं बघा’चं बटण दाखवलं. भाऊ दाबणार, तेवढ्यात मी थांबवलं. नावं वर सरकत राहिली, संपता संपेनात. शेवटी तो म्हणाला, "एका वाघासाठी एवढी माणसं?"

हो, एवढी. पुढच्या वेळी ते बटण लगेच दाबू नका. दोन मिनिटं नावं वाचा. त्यात आपल्याकडची नावंही सापडतील.