पाऊल दिसते कसे आणि पडते कसे

पायांना आपण मराठी माणसे जितका मान देतो, तितकीच त्यांची उलटतपासणीही करतो. पंढरीला गेल्यावर आपण विठोबाच्या पायांवर डोके ठेवतो. गौरी आणताना दारापासून देवघरापर्यंत रांगोळीची पावले काढतो. माप ओलांडून येणारी सून लक्ष्मीच्या पावलांनी आली असे म्हणतो. आणि तीच सून पसंत करताना तिला चार पावले चालून दाखवायला सांगणारेही आपणच असतो. अंगठ्याशेजारचे बोट लांब असले तर ती नवऱ्यावर वरचढ होणार, तळवा सपाट उमटला तर घराला अवकळा येणार. घरात काही विपरीत घडले की तिचा पायगुण निघतो आणि ती पांढऱ्या पायाची ठरते. मुलाच्या हाताला सहावे बोट असले तर तो भाग्यवान. मुलीच्या पायाला असले तर ते झाकायचे कसे, याची चिंता!

पूर्वी हे सारे नशिबावर सोडून देत. आता शस्त्रक्रिया हाताशी आहे, तेव्हा नवाच प्रश्न उभा राहतो : दिसण्यासाठी पायावर शस्त्र चालवावे काय?

मी वडोदऱ्याचा. गेली काही वर्षे आठवड्यातले दोन दिवस गायनाच्या शिकवण्यांसाठी सुरतेस असतो. तेथील लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली खानदेशी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. यंत्रमागांवर आणि साड्यांच्या व्यवसायात त्यांचे आयुष्य जाते. माझी एक विद्यार्थिनी अशाच घरातली. तिच्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांच्या मुळाशी हाड बाहेर आलेले आहे आणि अंगठे शेजारच्या बोटांकडे कललेले आहेत. तिच्या आईचेही पाय तसेच. स्थळे पाहायला सुरुवात झाली, तशी घरात शस्त्रक्रियेची भाषा सुरू झाली. आजीचे म्हणणे, पायांकडे लोकांचे पहिले लक्ष जाते.

अस्थिशल्यविशारदाने मुलीला दोनच प्रश्न विचारले. चालताना दुखते का? कोणत्या चपलेत दुखते? दुखत नव्हते, फक्त निमुळत्या सँडलमध्ये टोचे. मग त्यांनी समजावून सांगितले की, ही नुसते टेंगूळ खरवडण्याची गोष्ट नव्हे. बहुधा पावलाचे हाड कापून सरळ करावे लागते, स्क्रूने बसवावे लागते. कित्येक आठवडे नेहमीचे पादत्राण घालता येत नाही, सूज तर महिनोन्महिने राहते. इतके करूनही काहींचा अंगठा पुन्हा कलतो, काहींना पूर्वी नसलेले दुखणे जडते. दुखत असेल, चालणे अडत असेल, तर ही शस्त्रक्रिया अवश्य करावी. केवळ रूपासाठी करू नये. अमेरिकेतील पायांच्या शल्यविशारदांच्या संस्थेचाही असाच सल्ला आहे. मुलीने रुंद तोंडाच्या चपला घेतल्या आणि विषय संपवला. त्यानंतर एक स्थळ पायांवरून मोडले, हेही येथे सांगितले पाहिजे. निर्णय शहाणपणाचा असला म्हणजे तो फुकट पडतो असे नाही.

माझे वडील राजवाड्याच्या सेवेतले तबलजी. १८८० साली सयाजीराव महाराजांच्या विवाहानंतर तंजावरच्या राजकन्येबरोबर नर्तकी वडोदऱ्यास आल्या, तेव्हापासून या शहराला पावलांची पारख आहे. वडील म्हणत, नर्तकीचे पाय डोळ्यांनी पाहू नयेत, ऐकावेत. वर्षानुवर्षांच्या तत्काराने तळवे राठ होतात, बोटे फाकतात; अळता पुसल्यावर त्या पायांना कोणी सुंदर म्हणणार नाही. पण समेवर पाऊल पडते तेव्हा त्याचे वजन तबल्याला बरोबर कळते.

तरीही 'दिसण्याला काहीच अर्थ नाही' असे म्हणणे सोपे आणि खोटे आहे. जयपूरच्या डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस जो कृत्रिम पाय घडवला, त्याचे यश कशात होते? विलायती पद्धतीच्या कृत्रिम पायाला बूट लागे. आपली माणसे देवळात, घरात, शेतात अनवाणी चालतात, मांडी घालतात, उकिडवी बसतात. जयपूर पाय हे सारे करू देई आणि पायासारखा दिसेही. १९८१ च्या अपघातात पाय गमावलेल्या सुधा चंद्रन १९८४ साली त्याच पायावर पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. चारचौघांत वेगळे न दिसण्याची इच्छा ही काही चैन नव्हे.

मात्र दिसण्यावर भिस्त ठेवल्याने खरे नुकसान कसे होते, ते मी लिंबायतमध्येच पाहिले. त्या विद्यार्थिनीच्या शेजारी एक मुलगा जन्मला, दोन्ही पावले आत वळलेली. हजारात एखाद्-दुसऱ्या बाळाला हे व्यंग असते, मुलींपेक्षा मुलांत दुपटीने. घरच्यांनी ठरवले, आईने ग्रहणात विळी हातात घेतली असणार. ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही आणि आईचा दोष तर मुळीच नाही. सुदैवाने बाळाला वेळेवर सरकारी रुग्णालयात नेले.

येथे उपाय आहे आणि तोही मोठ्या शस्त्रक्रियेवाचून. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी तो बसवला. पाऊल हळुवार हातांनी थोडे वळवायचे, प्लॅस्टर घालायचे, आठवड्याने काढून आणखी वळवायचे. असे पाच-सहा वेळा केल्यावर बहुतेकांच्या टाचेची शीर बारीक छेद देऊन मोकळी करतात. तान्ह्या मुलात ती तीन आठवड्यांत पुन्हा सांधते. पूर्वी केलेल्या मोठ्या शस्त्रक्रियांनी पाऊल सरळ दिसे, पण पुढे ते अनेकांच्या बाबतीत ताठ आणि दुखरे होई. आपल्याकडे २०१३ साली पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश आहे आणि त्याखाली उपचार मोफत मिळतात.

पण प्लॅस्टर निघाले म्हणजे उपचार संपले नाहीत. पट्टीने जोडलेले बूट पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि नंतर चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेत घालावे लागतात. या घरात नेमके हेच चुकले. पावले अगदी सरळ दिसू लागली, बाळ बुटांत रडे, पाहुणे विचारत, "याला काय झाले?" तेव्हा आजीने बूट माळ्यावर टाकले. काही महिन्यांत पावले पुन्हा आत वळली.

माझ्या विद्यार्थिनीचा पाय वाईट दिसत होता आणि ठीक होता. या बाळाचा पाय ठीक दिसत होता आणि अजून बरा व्हायचा होता. दोन्हीकडे डोळ्यांनी फसवले. तेव्हा पायाविषयी निर्णय घेताना आधी दोन गोष्टी पाहाव्यात : चालणाऱ्याला दुखते का, आणि पुढे त्याचे चालणे अडणार आहे का? दिसण्याचा प्रश्न त्यानंतर खुशाल विचारावा.

त्या मुलाला पुन्हा प्लॅस्टरे घातली गेली. आता बूटही पुन्हा आले आहेत. रात्रपाळीला निघण्यापूर्वी त्याचा बाप स्वतःच्या हाताने ते बांधतो आणि मगच कारखान्याची वाट धरतो.